लिव्हर अ‍ॅक्शन घ्यायचीय? मग आधी काडतूस ठरवा

गेल्या ऑगस्टमध्ये रात्री साडेअकराला भाच्याचा व्हिडिओ कॉल आला, मी भांडी आवरून नुकतीच आडवी झाले होते, तिकडे ओहायोत दुपारचे दोन. एवढ्या रात्री फोन म्हणजे काहीतरी झालं असणार म्हणून धडधडत उचलला तर हा म्हणतो, "मावशी, लिव्हर अ‍ॅक्शन रायफल घ्यायचीय, हरणाच्या शिकारीला. कुठली घेऊ?"

आमच्या घरात बंदुकीचा विषय निघाला की तो फिरून माझ्याकडेच येतो. कॉलेजात एनसीसीत असताना .२२ डिलक्स रायफलवर हात बसला, मग पुढे बरीच वर्षं वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर जात होते. अंजली भागवतसुद्धा एनसीसीतूनच आलेली, फक्त ती जगभर पोचली आणि मी परळपर्यंत. आणि हे पण आधीच सांगते की मी आयुष्यात कागदाशिवाय काहीही मारलेलं नाही. आपल्याकडे प्रश्नच नाही ना, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शौक म्हणून ससा मारलात तरी आत जाल. पण नळीतून सुटलेली गोळी कशी वागते ते देश बघून बदलत नाही, आणि त्या फोननंतर मी महिनाभर एवढं वाचलं, एवढ्या लोकांना पिडलं, की आता ओळखीतल्या अजून दोघांच्या तिकडच्या मुलांनी तेच विचारल्यावर म्हटलं एकदाच लिहून टाकावं.

तर आमचा भाचा गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेला, त्याने तीन रायफली आधीच बघून ठेवलेल्या, एकीचा रिसीव्हर (म्हणजे आतली यंत्रणा जिच्यात बसते ती मधली पेटी) पितळेसारखा चकचकीत, एकीचा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, आणि काडतूस कुठलं विचारलं तर म्हणे "ते जे येईल ते". इथेच सगळे चुकतात. शिकारीला काम गोळी करते, रायफल ती गोळी नीट नेऊन सोडते एवढंच. म्हणून आधी बघायचं की तुम्ही उभे कुठे राहणार आणि प्राणी किती लांब दिसणार, मग तिथला कायदा काय चालवतो, त्यातून काडतूस ठरतं, आणि मग त्या काडतुसात जी मिळते ती रायफल. चकचकीत पितळ शेवटी.

आता लिव्हर अ‍ॅक्शन म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. ट्रिगरच्या भोवती जो गार्ड असतो तोच लांब करून त्याचा एक वळसा केलेला असतो, त्यात तीन बोटं घालून खाली ढकललं की नळीचं मागचं तोंड बंद करणारा आतला बोल्ट मागे सरकतो, रिकामी केस बाहेर उडते, घोडा चढतो, आणि वर ओढलं की नवीन काडतूस उचललं जाऊन नळीत बसतं. खाली, वर, झालं. (घोडा म्हणजे मागचा हॅमर. मुंबईत घोडा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यासमोर जे आलं ते वेगळं, पण शब्द आला इथूनच असावा असं मला आपलं वाटतं.) काडतुसं बहुतेक मॉडेलांत नळीच्या खाली दुसरी एक नळी असते तिच्यात एकामागे एक भरलेली असतात.

माझ्या आजोळी कोकणात आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, शेती संरक्षणाच्या परवान्यावरची, रानडुकरं भाताच्या खाचरात घुसायची म्हणून. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की आणायची, हा एक कार्यक्रमच असायचा. तिच्यात दारू घाला, चिंधी घाला, छर्रा घाला, गजाने ठासा, मग एक बार. चुकला की डुक्कर शेजारच्या गावात. आता विचार करा की १८६० मध्ये बेंजामिन टायलर हेन्री नावाच्या माणसाने अमेरिकेत अशी रायफल काढली की जिच्यात एकदा भरलं की सोळा बार, नुसतं खाली-वर करायचं. त्याच घराण्यातून पुढे विंचेस्टर झाली, मग जॉन ब्राउनिंगने १८९४ चं मॉडेल बनवलं, जे पुढे सत्तर लाखांहून जास्त विकलं गेलं. अमेरिकेत आजी-आजोबांच्या कपाटात एक असतेच म्हणतात, आपल्याकडे पानाचा डबा असायचा तशी.

भाच्याला हीच का हवी होती तर एक कारण फोटोत छान दिसते, आणि दुसरं, जे मला पटलं, तो डावरा आहे. बोल्ट अ‍ॅक्शन, म्हणजे दांडा हाताने मागेपुढे करायची रायफल, तिचा तो दांडा उजव्या बाजूला असतो, डावऱ्या माणसाला हात रायफलवरून पलीकडे न्यावा लागतो, डावऱ्यांच्या वेगळ्या मिळतात पण निवड कमी. लिव्हर मधोमध, तिला डावं-उजवं नाही. वजनाला हलकी, चपटी, झाडीत अडकत नाही. तोटा काय, तर लांबचा नेम हा तिचा प्रांत नाही. तो का नाही ते कळायला काडतूस समजून घ्यावं लागतं, तर जरा बसा.

काडतूस म्हणजे चार वस्तू. पितळेची केस, तिच्या बुडाला प्राइमर, आत पावडर, तोंडाशी गोळी. प्राइमरवर टोचणी बसली की ठिणगी, पावडर पेटते, गॅस होतो, गोळी ढकलली जाते. आपण बोलताना अख्ख्या काडतुसालाच गोळी म्हणतो पण गोळी म्हणजे फक्त पुढचा तुकडा, जो उडून जातो.

नावं मात्र विचित्र, त्यात काही पद्धत शोधायला जाऊ नका. .३०-३० म्हणजे नळीचा व्यास .३० इंच आणि मूळच्या काडतुसात ३० ग्रेन बिनधुराची पावडर. .४५-७० म्हणजे .४५ इंच आणि ७० ग्रेन काळी दारू, हे १८७३ चं, अमेरिकन लष्कराचं. .४४ मॅग्नममधली गोळी प्रत्यक्षात .४४ ची नाहीच, .४२९ ची आहे. जाऊ दे.

ग्रेन म्हणजे किती हे मला कोणी समजावून सांगितलं नव्हतं, मग एक दिवस लक्षात आलं की आपला जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा. बास, सगळं डोक्यात बसलं. .३०-३० ची १७० ग्रेनची गोळी म्हणजे तोळ्याला किंचित कमी. .४४ मॅग्नमची २४० ग्रेनवाली म्हणजे सव्वा तोळ्याहून थोडी जास्त. .४५-७० ची जुनी ४०५ ग्रेनवाली म्हणजे सव्वादोन तोळे, मंगळसूत्राची वाटी-बिटी सोडा, पाटलीच्या हिशोबातली गोष्ट. आणि हे वजन सेकंदाला किती फूट जातं ते बघायचं: .३०-३० साधारण २२००, .४४ रायफलच्या नळीतून १७५० च्या आसपास, .४५-७० जुन्या लोडमध्ये (लोड म्हणजे पावडर आणि गोळीचा मेळ) १३००-१४०० आणि नवीन ३२५ ग्रेनच्या लोडमध्ये २००० च्या पुढे.

जड गोळी हळू जाते, म्हणून लवकर खाली येते. क्रिकेटमध्ये फुलटॉस टाकणाऱ्या पोराला विचारा. शंभर यार्डांवर नेम जुळवला असेल तर दोनशे यार्डांवर .३०-३० ची १५० ग्रेनवाली सात-आठ इंच खाली लागते, .४४ वाली साधारण दीड फूट खाली, आणि जुनी .४५-७० दोन फूट. शंभर यार्ड म्हणजे किती, तर लोकलचे साडेचार डबे. म्हणजे तुम्ही दादरला प्लॅटफॉर्मवर एका टोकाला उभे आणि नवव्या डब्याच्या शेवटाशी हरीण, तर .४४ ने त्याच्या पाठीवर नेम धरलात तरी गोळी पोटाखालून जाईल. म्हणून लिव्हर अ‍ॅक्शन म्हणजे जवळची, झाडीतली, साडेचार-पाच डब्यांच्या आतली. सात डबे म्हणजे ओढूनताणून.

लांबच्या नेमाला टोकदार गोळी लागते, हवा कापत जाणारी. मग लिव्हरमध्ये टोकदार का नाही घालत? कारण ती खालची नळी. तिच्यात एका काडतुसाचं टोक पुढच्याच्या बुडाला, म्हणजे प्राइमरला टेकून बसतं. बार उडाला की रायफलला झटका, आतली सगळी काडतुसं एकमेकांवर आदळतात, सकाळच्या विरार फास्टमध्ये ब्रेक लागल्यावर होतं तसं, आणि टोक टणक असेल तर ते प्राइमरला टोचून तुमच्या डाव्या हाताखाली, म्हणजे भाच्याच्या बाबतीत उजव्या, स्फोट. म्हणून या गोळ्यांची तोंडं चपटी किंवा गोल. हॉर्नेडी नावाच्या काडतुसं बनवणाऱ्या कंपनीने वीस वर्षांमागे यावर एक तोडगा काढला, गोळीला रबरासारखं मऊ टोक लावलं, टोक तर आहे पण दाबलं की दबतं, त्याने थोडी लांबची मजल मिळाली. बाकी कुठलीही टोकदार गोळी खालच्या नळीत घालायची नाही म्हणजे नाही, दुकानातला काहीही सांगो.

दुसरा रस्ता म्हणजे नळीच नको. सॅव्हेज ९९ मध्ये काडतुसं आत एका चरकात फिरत बसायची, ब्राउनिंगच्या बीएलआरमध्ये खाली सुटी डबी असते आणि बोल्ट पुढच्या बाजूने फिरून लॉक होतो म्हणून .३०८, .२७० असली जोरकस काडतुसंही चालतात. सॅव्हेज बंद पडून पंचवीसेक वर्षं झाली, जुनी मिळते. बीएलआर महाग पण ज्याला मोकळ्या माळावर मारायचंय आणि लिव्हरच हवीय त्याला तीच. आमच्या प्रश्नाला तिचा उपयोग नव्हता, का ते आता येतंय.

तर मी भाच्याला दुसऱ्या दिवशी मोठ्या ऐटीत सांगितलं, .३०-३० घे, सव्वाशे वर्षं हरणं मारतायत लोक त्याने, झटका कमी, काडतुसं कुठेही मिळतात, विंचेस्टर ९४ नाहीतर मार्लिन ३३६, विषय संपला. आणि कुठेही विचारलंत तर नव्वद टक्के लोक हेच सांगतील, आणि ते चूक नाही. फक्त भाचा कोलंबसजवळ राहतो. आणि ओहायोत हरणाच्या गन सीझनला .३०-३० चालत नाही!

हे मला कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. ओहायो, इंडियाना, आयोवा असली सपाट शेतांची राज्यं, मधे मधे घरं, गोळी चुकली की अडवायला डोंगर नाही. म्हणून तिथे आधी रायफल नाही, मुख्यतः शॉटगन चालायची, मग ओहायोने २०१४ पासून रायफलला परवानगी दिली पण केस सरळ भिंतीची पाहिजे या अटीवर. सरळ भिंतीची म्हणजे पेल्यासारखी, वरपासून खालपर्यंत साधारण एकसारखी. .३०-३० ची केस सुरईसारखी, पोट मोठं आणि मान बारीक, त्या पोटात जास्त पावडर मावते आणि बारीक गोळी जोरात लांब जाते. पेल्यात ते जमत नाही, गोळी जाड, वेग कमी, लवकर खाली बसते. कायद्याला तेच हवंय. ओहायोत व्यास .३५७ पासून .५० पर्यंत. दोन हंगामांमधे नियम बदलू शकतात, म्हणून दरवर्षी त्या त्या राज्याच्या वाइल्डलाइफ खात्याचं नवीन पुस्तक उघडायचंच, मावशीच्या भरवशावर राहायचं नाही.

मग पेल्यांमध्ये काय काय उरतं?

.३५७ मॅग्नम, मूळ रिव्हॉल्व्हरचं, लांब नळीतून बराच वेग घेतं, झटका जवळजवळ नाहीच, काडतूस स्वस्त, सरावाला उत्तम. पण हरणासाठी मला ते कमीच वाटतं, पन्नास-साठ यार्डांत आणि नेम पक्का असेल तर ठीक. नवख्याचा नेम पक्का नसतो.

.४४ मॅग्नम १९५५ चं, हेही रिव्हॉल्व्हरचं. शंभर यार्डांपर्यंत हरणाला भरपूर. झटका सोसण्यासारखा. रायफली छोट्या आणि हलक्या मिळतात.

.४५-७० बद्दल मात्र जरा बोलायला हवं कारण सगळ्या नवशिक्यांना तेच हवं असतं. जाड, जुनं, रुबाबदार, अस्वलाला पण चालतं वगैरे. अलास्कात चालत असेल, ओहायोत अस्वलं किती आणि त्यांच्या मागे लागायला तुला सांगितलंय कोणी? त्यात एक खरी मेख आहे. १८७३ च्या जुन्या रायफली कमकुवत, म्हणून त्यांच्यासाठी हलक्या दाबाची काडतुसं, आधुनिक लिव्हरसाठी त्याहून जास्त दाबाची, आणि आणखी वरच्या दाबाची काही जण घरी भरतात एकबारी रायफलसाठी. तिन्ही दिसायला सारखी, नाव एकच. आजोबांच्या जुन्या रायफलमध्ये आजची जहाल घातली तर रायफलचे तुकडे. आधुनिक लिव्हरला पहिल्या दोन चालतात, तिसरी नाही, म्हणून डब्यावरचं वाचायची सवय हवी. आणि खर्च, एकेक काडतूस दोन-अडीच डॉलरला पडतं, म्हणजे एक बार उडाला की दहा वडापाव गेले. मग माणूस सराव करत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा दोष.

.३६० बकहॅमर हे २०२३ मध्ये रेमिंग्टनने आणलेलं, खास याच राज्यांसाठी, .३०-३० चीच केस घेऊन मान काढून टाकली. केसची लांबी १.८० इंच ठेवली कारण शेजारच्या मिशिगनच्या दक्षिण भागात बरीच वर्षं तेवढीच मर्यादा होती. १८० ग्रेनची गोळी, म्हणजे अगदी बरोबर एक तोळा, सेकंदाला २४०० फुटांच्या आसपास, म्हणजे .३०-३० ची कायदेशीर जुळी बहीणच. कागदावर मला हेच सगळ्यात आवडलं. वांधा एवढाच की नवीन आहे, रायफलींची निवड कमी आणि काडतुसं प्रत्येक दुकानात नसतात.

आता अंतराचं. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचं हृदय आणि फुप्फुसं मिळून जी जागा होते ती साधारण आठ इंचाची, नाश्त्याच्या डिशएवढी. गोळी तिथे लागली तर प्राणी पटकन जातो. चार इंच मागे लागली तर पोटात, मग तो पळतो, झाडीत कुठेतरी तासन्‌तास तडफडतो, सापडला तर सापडला. त्यामुळे मी भाच्याला सांगितलं, डिश टांग, टेबलावर रायफल टेकवून नाही, तर जसा तू जंगलात असशील तसा, गुडघ्यावर बसून, उभं राहून, थंडीचे हातमोजे घालून, आणि ज्या अंतरावर पाचपैकी पाच डिशमध्ये लागतील ते तुझं अंतर. काडतुसाच्या डब्यावर काय छापलंय त्याला अर्थ नाही. पहिल्या आठवड्यात त्याचं ते अंतर निघालं चाळीस यार्ड. तोंड एवढंसं झालं. एनसीसीत आम्ही पहिले सहा महिने नुसतं ग्रुपिंग करायचो, पोटावर झोपून पंचवीस यार्डांवर, पाच गोळ्या एका रुपयाच्या नाण्यात आल्या पाहिजेत असं उस्ताद म्हणायचे, त्यांच्या काळचा रुपया मोठा होता म्हणा.

रायफलींबद्दल आता थोडक्यात, कारण काडतूस ठरल्यावर फारसं काही उरत नाही. विंचेस्टर आता जपानमध्ये मिरोकू बनवते, कोचीत, आपल्या नाही, त्यांच्या कोचीत, आणि फिनिशिंग सुंदर असतं. जुन्या विंचेस्टर ९४ मधून रिकामी केस वरून उडायची त्यामुळे वर दुर्बीण बसवता यायची नाही, ऐंशीच्या दशकात त्यांनी ती कोनात उडवायला सुरुवात केली. मार्लिनची १८८९ पासून बाजूने उडते, वरचा भाग सपाट आणि बंद, म्हणून दुर्बीण लावायची असेल तर लोक मार्लिन घेत आले. मधे रेमिंग्टनच्या हातात असतानाच्या मार्लिनबद्दल पुष्कळ तक्रारी ऐकू येतात, २०२० मध्ये ती रुगरने विकत घेतली, तेव्हापासूनच्या चांगल्या. आजची हेन्री कंपनी त्या १८६० च्या हेन्रीशी नावापुरतीच जोडलेली, पण रायफली गुळगुळीत चालतात. त्यांच्या बऱ्याच मॉडेलांत काडतुसं पुढून खालच्या नळीत सोडायची, काहींत बाजूच्या झडपेतून पण. मला झडप आवडते, पण पुढून भरण्याचा एक फायदा आहे, रिकामी करताना आतली नळी ओढली की काडतुसं घरंगळून बाहेर येतात. झडपवाल्या जुन्या रायफलीत प्रत्येक काडतूस नळीत चढवून मगच बाहेर काढावं लागतं, आणि नवशिक्याच्या हातून बार उडायची हीच वेळ. रॉसी ब्राझीलची, १८९२ च्या विंचेस्टरची नक्कल, स्वस्त, खडबडीत, काम करते.

ओहायोत गन सीझनला रायफलमध्ये वरची नळी आणि मॅगझिन (म्हणजे ती खालची नळी) मिळून तीनपेक्षा जास्त काडतुसं भरायची नाहीत, मग दहा मावणारी काय आणि पाच मावणारी काय. हे ऐकून भाचा फार हिरमुसला होता.

नेमासाठी मी पीप साइट सांगितली, मागे छोटं भोक आणि पुढे काडी, .२२ टार्गेटवाल्यांना ती सवयीची. पण सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून शिकार चालते आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ओहायोत तेव्हा नुसता करडा उजेड असतो, त्यात काडी दिसत नाही. चाळिशी लागलेली नसली तरी. मग एक ते चार पटीची छोटी दुर्बीण बरी. फक्त .४५-७० सारख्यावर ती डोळ्याच्या फार जवळ लावलीत तर झटक्याने भुवई फुटते, तिकडच्या शिकाऱ्यांत ही खूण ओळखूच येते म्हणतात.

आणि एक, जे या सगळ्याच्या आधी सांगायला हवं होतं. अमेरिकेत तुम्ही कुठल्या व्हिसावर आहात ते बघा. ग्रीनकार्डवाल्याला रायफल घेता येते. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर केंद्राच्या कायद्याने बंदूक बाळगायलाच मनाई आहे, चालू शिकार परवाना असेल तर त्यात सूट मिळते. मित्राची पाच मिनिटं हातात धरली तरी ते बाळगणंच, पकडलं गेलात तर व्हिसा तर जाईलच. वकिलाला विचारा, ऑफिसातल्या मित्राला नको. भाचा ग्रीनकार्डवर आहे, त्याने हंटर एज्युकेशनचा कोर्स केला, केशरी जॅकेट घेतलं, सगळं रीतसर.

मी ऑक्टोबरमध्ये तिकडे गेले होते, टुरिस्ट व्हिसावर, त्यामुळे रेंजवर मी लांब बाकड्यावर बसून होते, आयुष्यात पहिल्यांदा रेंजवर गेले आणि हाताला दारूचा वास लागला नाही. त्याच्या एका कलीगने आपली .४५-७० आणि .४४ दोन्ही आणल्या होत्या. भाचा आधी .४५-७० कडे गेला, अर्थातच. पहिला बार, माणूस अर्धा पाऊल मागे. दुसरा. तिसऱ्याला त्याने ट्रिगर ओढण्याआधीच डोळे मिटलेले मला वीस फुटांवरून दिसले, आणि गोळी कागदाच्या बाहेर. चौथी पण बाहेर. मी काही बोलले नाही. मग .४४ घेतली, आणि पन्नास यार्डांवर पाचपैकी पाच डिशमध्ये. संध्याकाळी शर्ट काढला तर खांद्यावर जांभळं, सुनेने हळद-तेल लावलं.

घेतली शेवटी मार्लिन १८९४, .४४ मॅग्नममध्ये, रुगरच्या हातची. .३६० बकहॅमर त्याच्या दोन्ही जवळच्या दुकानांत तेव्हा नव्हतं आणि थांबायला तो तयार नव्हता. मी म्हटलं ठीक आहे, फक्त नोव्हेंबरभर आठवड्याला दोन डबे संपव.

सीझन थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू झाला. पहिल्या दिवशी त्याला एक मोठा नर दिसला, मक्याच्या रिकाम्या शेतापलीकडे, त्याच्या अंदाजाने दीडशे यार्ड. त्याने नेम धरला, मग खाली केला. फोनवर हे सांगताना त्याचा आवाज रडवेला होता, मला मात्र त्या क्षणी त्याचा जेवढा अभिमान वाटला तेवढा त्याच्या इंजिनिअरिंगच्या निकालाला पण नव्हता वाटला. तिसऱ्या दिवशी एक मादी पंचावन्न यार्डांवर आली, एक बार, तीस पावलं गेली आणि पडली. जवळ गेल्यावर पंधरा मिनिटं नुसताच बसून होतो म्हणाला, हात थरथरत होते. मग कलीग आला, त्याने सोलायला शिकवलं.

ताई डोंबिवलीहून त्याच कॉलवर होती, माळकरी घरातली, इतका वेळ गप्प. शेवटी एवढंच म्हणाली, "फ्रीझरच्या कुठल्या कप्प्यात ठेवलंयस? मी पाठवलेल्या पुरणाच्या डब्यापासून लांब आहे ना?"